काकूंची रेघ

काकूंच्या बाहेरच्या खोलीत, शिलाई मशीनमागच्या प्लगला एक डबी लावलेली होती. वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते. त्यात केसभर फरक पडला तरी डबी तो वीजपुरवठ्यावर नजर ठेवणाऱ्या केंद्राला कळवायची. तिथल्या पडद्यावर प्रत्येक घराची एक रेघ. दूर कुठे वीजनिर्मिती अचानक बंद पडली की रेघा पाठोपाठ खाली वाकत, आणि कुणाची आधी वाकली यावरून बिघाडाची जागा कळे.

काकूंना त्याचं सोयरसुतक नव्हतं. नवरा गेलेला, मुलगा परदेशी, शिवायला हल्ली कुणी कपडे टाकत नव्हतं. एकदा झाडताना डबीचा प्लग निघाला, तर केंद्रातून दुरुस्तीवाला धावत आला. प्लग बसवला, चहा घेतला आणि बायकोची गाऱ्हाणी सांगत तासभर बसला. काकूंना इतकं बरं वाटलं की तेव्हापासून झाडू वरचेवर त्या प्लगलाच लागू लागला. बिचाऱ्या झाडूने किती आळ घ्यावा?

एकदा मात्र दुरुस्तीवाल्याने कप हातात नुसताच धरला.

"काकू, रागावू नका. केंद्रात म्हणतात, हे घर बेभरवशाचं आहे. आता रेघ तुटली तर डबी दुसरीकडे जाणार. न्यायला मलाच पाठवतील."

"आणि नाही तुटली तर?"

"मग मला यायचं कामच नाही." तो कपात बघत होता. त्याला सगळं माहीत आहे हे काकूंना कळलं, आणि त्या लाजेने अर्ध्या झाल्या.

"मग असाच ये ना कधी."

"येईन की."

त्याच्या मनात खोट नव्हती, पण कामं हात धुऊन मागे लागलेली. तो आला नाही.

काकू शहाण्यासारख्या वागल्या. झाडू हातभर लांबून फिरे, डबीचा हिरवा दिवा चालू राही. मुलाचा फोन येई. "बरी आहेस ना?" "बरी आहे." की फोन संपे. आपली रेघ कुणीतरी बघतंय, अशी त्या मनाची समजूत घालत. पण जेवताना समोर कुणी नसे, आणि ते त्यांना फार लागे.

एका सकाळी त्यांनी खोली आवरली, केस विंचरले, बिस्किटांचा नवा पुडा काढला. डबी पुसून घेतली; जायचीच आहे तर कळकट कशाला जावी. मग झाडूला मध्ये न घेता त्यांनी हातानेच प्लग काढला.

दिवा विझला. काकूंनी दोन कप धुऊन ठेवले.