पडद्याकडे पाठ करून बसणारे सर

आमचे काळे सर सिनेमा दाखवायचे आणि स्वतः पडद्याकडे पाठ करून बसायचे. औरंगपुऱ्यातल्या आमच्या कॉलेजात ते दर शनिवारी सिनेमाचा वर्ग घेत. पोरं कुठे हसतात, कुठे मोबाइल काढतात, हे न्याहाळत बसणं हाच त्यांचा सिनेमा. मी त्यांची विद्यार्थिनी. पुढे तिथेच मराठी शिकवायला लागले, तरी त्या वर्गात अवघडूनच बसायची.

युद्धाच्या काळात सरकारांनी प्रचारासाठी काढलेले सिनेमे हा त्यांचा खास विषय. "असला पिक्चर टुकार असंल तर खुशाल बघा," ते म्हणायचे. "चांगला असंल तर मात्र घाबरायचं. लई घाबरायचं." मला ती त्यांची गंमत वाटायची.

मग सीमेवर तणाव वाढला. टीव्हीवर दिवसभर विमानं. गावातल्या लष्करी छावणीवरून जाताना माझी पावलं आपोआप भरभर पडायची. नेमका त्याच आठवड्यात सरांनी एक जुना परदेशी प्रचारपट लावायचं ठरवलं.

मी म्हटलं, "सर, आत्ता नको. लोक तापलेत."

"आत्ताच तर कळंल, वर्षा. एरवी कोण घाबरतंय?"

सिनेमा कृष्णधवल, भाषा अनोळखी. एक आई वैमानिक मुलाच्या कोटाला बटण लावते, दाताने दोरा तोडते आणि कोट तसाच छातीशी धरून ठेवते. इतकं सुंदर दृश्य मी क्वचितच पाहिलं असेल. मग विमानं उडाली, संगीत चढत गेलं, खाली एक शहर पेटलं आणि टाळी पडली. पहिली टाळी माझी होती. मागोमाग अख्ख्या वर्गाची.

सरांनी सिनेमा थांबवून दिवे लावले. "विमानं कुणाची, ठाव नाय. खाली कोण मेलं, ते बी ठाव नाय. तरी टाळ्या?"

माझे तळहात अजून गरम होते. मला माझीच भीती वाटली.

संध्याकाळपर्यंत त्या टाळ्यांचा व्हिडिओ गावभर फिरला. खाली कुणीतरी ठोकून दिलं होतं, 'कॉलेजात शत्रूच्या विजयावर टाळ्या.' सोमवारी फाटकाशी घोळका जमला. सरांच्या नावाने चाललेला आरडाओरडा स्टाफरूमचं दार बंद करूनही ऐकू येत होता. प्राचार्यांनी हजर असलेल्या प्रत्येकाकडून लेखी जबाब मागितला. मी लिहिलं, 'सर काय दाखवणार आहेत याची मला कल्पना नव्हती. मी टाळ्या वाजवल्या नाहीत.' दोन्ही वाक्यं खोटी होती.

सरांचा वर्ग बंद झाला. आठवड्याभराने मी पडेगावला त्यांच्या घरी गेले, तर ते लेकीकडे कायमचं राहायला जायच्या तयारीत होते. पुस्तकांचे गठ्ठे बांधणं चाललं होतं. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं आणि रडले.

सर गठ्ठ्याची दोरी आवळता आवळता म्हणाले, "तुला नोकरी हाय, घरी लेकरं हायत. लिहिलंस ते लिहिलंस, मी राग धरत नाय. पण तू टाळी वाजवून झाल्यावर घाबरलीस, वर्षा. त्याच्या आधी घाबरायचं असतं."