उजव्या बाजूचा फेरा

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी गाडी घेऊन चंदगडला मुक्कामाला गेलो. सकाळी साडेपाचला निघायचं होतं. बेळगाव, धारवाड, हुबळी आणि तिथून पुढं दिवसभराचा रस्ता. तिथं आमच्या फौजेच्या सेंटरच्या आवारात शहिदांच्या नावांची काळ्या दगडाची भिंत आहे, तिच्यावर आमच्या हवालदार गावड्यांचं नाव कोरलेलं आहे. त्यांच्या बायकोला, गावडेवैनींना, ते एकदा हातानं बघायचं होतं.

अडचण वैनींच्या पाठीची होती. मणक्यात गॅप. एसटीनं तालुक्याला जाऊन आल्या की दोन दिवस अंथरुणावर. घरातले सगळे नको म्हणत होते. त्यांचा पुतण्या मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, वाटंत काय झालं तर?"

वैनींना ऐकू गेलं. "हितं बसून तरी काय व्हतंय? ह्या वर्षी बसता तरी येतंय. फुडच्या वर्षी तेबी न्हाई यायचं. भावोजी, न्या मला."

मी पुतण्याला सांगितलं, काळजी करू नकोस, मी हवालदार गावड्यांच्या हाताखाली शिकलोय. तो माझ्याकडं बघतच राहिला. त्याला काय माहीत.

माझी पहिली पोस्टिंग डोंगरातल्या ट्रान्सपोर्ट कंपनीत होती. खालच्या डेपोत रेशन आणि रॉकेल भरायचं, घाट चढायचा, वरच्या पोस्टवर उतरवायचं, परत यायचं. मी शिरोळचा. उसाच्या सपाट रानात ट्रॅक्टरवर शिकलेला. पहिल्याच महिन्यात पाठ अशी धरली की सकाळच्या फॉल-इनच्या रांगेत मी वाकडा उभा राहायचो. सुभेदार साहेब म्हणाले, "इसको गावडे के साथ बिठाओ. सीधा करेगा."

गावड्यांना सगळी कंपनी उस्ताद म्हणायची. उस्तादांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"शिरोळचा व्हय? ऊस खाऊन दात घट्ट असतील. कंबर मात्र कच्ची हाय."

पहिल्या दिवशी त्यांनी मला गाडी सुरू करू दिली नाही. आधी बसायला शीक, म्हणाले. बूड पार मागं, टेकणीला भिडेपर्यंत. पाकीट मागच्या खिशातून काढून समोर ठेवायचं, नाहीतर माणूस दिवसभर एका कुल्ल्यावर तिरका बसतो. क्लच पूर्ण दाबला तरी गुडघा ताठ होता कामा नये. आणि कंबरेच्या खळग्यात वळकटी. ही वळकटी म्हणजे घोंगड्याचा तुकडा गुंडाळून सुतळीनं बांधलेला. वैनींनी करून दिला होता. उस्ताद सुट्टीवरून येताना काजू सगळ्यांना वाटायचे, वळकटीला मात्र कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

"आन दुखायच्या आधी थांबायचं," ते सांगायचे. "दुखल्यावर थांबला तो ड्रायव्हर न्हवं, पेशंट."

हॉल्ट झाला की गाडीत बसून राहायची सोय नव्हती. ड्रायव्हर उजवीकडून उतरणार, को-ड्रायव्हर डावीकडून. आपापल्या बाजूच्या प्रत्येक टायरला तळहात लावत मागं जायचं. टायर जास्त तापला असेल तर हवा कमी. पण टायर हे निमित्त होतं. टायरला हात लावायला गुडघ्यात बसावं लागतं, उठावं लागतं, चालावं लागतं. मी कंबरेतून वाकलो की ते ओरडायचे, "गुडघ्यातनं बस. कंबर काय बिजागरी हाय व्हय?" मग मागच्या फळीपाशी, टेलबोर्डला, दोघांची गाठ पडायची. ते विचारायचे, "हाय न्हवं?" म्हणजे सगळं जागेवर आहे ना. मी म्हणायचो, "हाय." मग बिडी. दोन हिवाळे असे काढले. त्या टेलबोर्डमागं मला जेवढं घरासारखं वाटलं तेवढं नंतर कुठंच वाटलं नाही.

त्या दिवशी सकाळपासून पाऊस होता. दुपारी वायरलेसवर आवाज आला, "आगे स्लाइड है. सब गाड़ी हॉल्ट." आम्ही थांबलो. डोंगर उजव्या हाताला होता. उस्तादांनी इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला, "चल" म्हणाले आणि उतरले. मी डावीकडून उतरलो. पुढचा टायर बघितला, मागचे बघितले, टेलबोर्डला जाऊन उभा राहिलो. वरून दगड आल्याचा आवाज ऐकला. फार मोठा नव्हता. मी हाक मारली, "उस्ताद?" पलीकडून ते आले नाहीत.

मी धावत गेलो. ते मागच्या टायरपाशी पडले होते, तळहात टायरवर होता. नर्सिंग असिस्टंट आला, त्यानं नाडी बघितली आणि मान हलवली. सुभेदार साहेब म्हणाले, "गाड़ी मोड़ो. नीचे ले चलो. चला लेगा?" मी म्हणालो, "जी साहब." त्यांना मागं ठेवलं. मी त्यांच्या सीटवर बसलो. वळकटी तिथंच होती. कंबरेला टेकली तेव्हा ती अजून कोमट होती. तळाला पोचेपर्यंत मी रडलो नाही. पोचल्यावर रडलो.

वळकटी मी स्वतः चंदगडला नेऊन वैनींना दिली.

आता त्या पहाटे वैनी पायरी उतरल्या तेव्हा तीच काखेत होती. सुतळी नवीन. माझ्या पोरानं ऑनलाइन मागवलेली महागडी उशी डिकीत पडून होती, ती तिथंच राहिली. वैनी वळकटी मला देऊ लागल्या. "गाडी तुमी चालवणार."

"पाठ तुमची दुखतीया," मी म्हणालो आणि ती त्यांच्या कंबरेला लावली.

दर तासाला थांबलो. दुखायच्या आधी. पहिल्या हॉल्टला त्या उतरायला तयार नव्हत्या. मी दार उघडलं, म्हटलं, आधी दोन्ही पाय बाहेर, मग उठा. त्या दाराला धरून उभ्या राहिल्या. मी माझा फेरा केला. निवृत्तीनंतर कुठंही थांबलो तरी करतो. उजवीकडून जातो, टायरला हात लावतो, डिकीमागं जाऊन क्षणभर उभा राहतो. घरचे हसतात. हसू देत. पलीकडून कुणी येत नाही, हे मलाही माहीत आहे.

धारवाडच्या पुढं त्या दारापासून चार पावलं चालल्या. हुबळीनंतर आणखी थोडं. मुक्कामी पोचलो तेव्हा स्वतःच्या पायानं जिना चढल्या.

दुसऱ्या दिवशी भिंतीपुढं त्या बराच वेळ उभ्या होत्या. वाचता येत नाही, म्हणून मी त्यांचा हात धरून नावावर ठेवला. दगड उन्हानं तापला होता. त्यांनी तळहात तसाच दाबून धरला. "तापलाय," एवढंच म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर पहिला हॉल्ट घेतला. मी उजवीकडून उतरलो. पुढचा टायर, मागचा टायर. डिकीमागं जाऊन उभा राहिलो. डावीकडून चपलांचा आवाज आला. वैनी गाडीला एक हात लावत, सावकाश येत होत्या. वळकटी काखेत. माझ्यासमोर येऊन थांबल्या.

"ते घरीबी असंच करायचे," त्या म्हणाल्या. "बैलगाडीला फेरा मारून यायचे आन इचारायचे." मग माझ्याकडं बघून त्यांनी विचारलं, "हाय न्हवं?"

इतक्या वर्षांनी मला कुणीतरी विचारत होतं. उत्तर द्यायलाच हवं होतं.

"हाय," मी म्हणालो.