स्टेटसला ठेवलेला फोटो

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही आमच्या वाडीतले नाही — म्हणून असेल.

माझा मामेभाऊ सुहास महाडचा. मोबाईलवर बातम्यांचा चॅनल चालवायचा. बिरवाडीकडचा एक कारखाना नदीत कसलं पाणी सोडतो ते त्याने दाखवलं आणि धमक्या सुरू झाल्या. आधी कमेंटमध्ये, मग फोनवर, मग थेट दारात. पोलिसांत अर्ज दिला, त्याची पोच तेवढी मिळाली. शेवटी तो आमच्याकडे लपायला आला, पोलादपूरच्या वर, डोंगरात. महाडच्या स्टँडवर कुणी बघेल म्हणून तिथे न जाता वीरच्या रेल्वे स्टेशनवर जाऊन थांबला. तिथून आणलं आमच्याच वाडीतल्या गणपतने, त्याच्या रिक्षातून.

आणि माझा नवरा त्याच कारखान्यात, ठेकेदाराकडे कामाला.

सुहास माळ्यावर, मी खाली — आणि माझं डोकं ठिकाणावर नाही. शेजारीण एका दिवसात दोनदा साखर मागायला का आली? ठेकेदाराने नवऱ्याला थांबवून घरचं का विचारलं? सगळेच मला टपलेले वाटायचे.

शिमग्यात पालखी अंगणात आली. घरात पुरुष असताना देवाला खांदा द्यायचा नाही, असं आमच्यात चालत नाही. नवरा ड्युटीवर. सुहास टोपी डोळ्यांवर ओढून खाली उतरला; ढोल-गुलालाच्या गर्दीत त्याला कुणी ओळखलं नाही. मी फोटो काढले. वाडीतल्या मुंबईकरांसाठी दरवर्षी काढते, स्टेटसला ठेवते. एका फोटोत पालखीच्या दांड्याखाली त्याचा चेहरा स्पष्ट आला होता.

चुकून गेला का तो? नाही. मी तो बोटांनी मोठा करून बघितला होता. कापता आला असता. माझं प्रत्येक स्टेटस ठेकेदार सगळ्यांत आधी बघतो, हेही मला ठाऊक होतं. सुहासने आमच्या घरातून जावं, एवढंच मनात होतं — नाही, एवढंच नव्हतं. नवऱ्याची नोकरी मला भावाच्या जिवापेक्षा मोठी वाटली. मी फोटो ठेवला. बघणाऱ्यांच्या यादीत ठेकेदाराचं नाव दिसलं, तेव्हा काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी आली. उतरलेल्या माणसांनी सुहासचा उजवा हात तीन ठिकाणी मोडला. चॅनल बंद पडला तो पडलाच.

वाडी म्हणाली, गणपतने सांगितलं; आणलं त्यानेच, म्हणून ठाऊकही त्यालाच. सुहासही तेच म्हणतो. गणपत माझ्या दारात येऊन उभा राहिला.

"वैनी, म्या नाय वो सांगितलं. तुमाला तरी पटतंय ना?"

"मला काय ठाऊक, बाबा," मी म्हटलं आणि तांदूळ निवडत बसले.

आता वाडीतलं कुणी त्याच्या रिक्षात बसत नाही. मीही उतारावरून चालत जाते. यंदा तो पालखीला खांदा द्यायला पुढे झाला, तर कुणी जागाच दिली नाही. हात जोडून कडेला उभा राहिला.

मी नेहमीसारखे फोटो काढले. एका फोटोत कडेला तो आला होता. तेवढा भाग मी नीट कापला आणि मग स्टेटसला ठेवला.