शंभर टक्के ओल

डोमाजी तायडे माझ्या समोरच्या घरात राहतात. पाटबंधारे खात्यात कारकून होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेताला पाणी सोडण्याचे कागद पुढे सरकवले आणि निवृत्तीनंतर मोर्शीजवळ तीन एकर काळी जमीन घेतली. त्यांच्या घराण्यातली ही पहिली जमीन. वडील दुसऱ्याच्या शेतावर मजुरी करत. डोमाजींना शेतीतलं काही कळत नव्हतं, हे ते स्वतःच सांगत. "मॅडम, मले फक्त अर्ज समजते. झाड नाही समजत." तरी संत्रा लावला. सगळे लावतात म्हणून लावला, असं मी म्हटलं तर चिडले होते.

मुलगा अश्विन अकोल्याला एका कंपनीत प्रोग्रॅमिंग करतो. मी कॉलेजात गणित शिकवायचे तेव्हा तो माझा विद्यार्थी होता. हुशार, पण उत्तर आलं की पायऱ्या पुन्हा न तपासणारा. मी ते त्याला तेव्हाही सांगितलं होतं. बापाचे गुडघे गेलेले, दर आठवड्याला एसटीनं मोर्शीला जाणं झेपेना, म्हणून त्यानं बागेत यंत्र बसवलं. जमिनीत दीड फूट खाली एक खिळ्यासारखा सेन्सर, वर खांबाला इटलीहून आलेली एक पेटी. पेटी मातीतली ओल मोजून मोबाइलवर पाठवणार, अश्विनचा प्रोग्रॅम ती वाचणार. ओल वीस टक्क्यांच्या खाली गेली की ठिबकचा व्हॉल्व आपोआप उघडणार, पस्तीसला पोचली की बंद होणार. वर्षभर ते बिनबोभाट चाललं. डोमाजी रोज सकाळी चहाच्या आधी मोबाइल बघत आणि गल्लीभर सांगत, "आज सव्वीस हाय. झाडं खुश हायेत."

गेल्या डिसेंबरात झाडं बहरायच्या वयाची झाली. संत्र्याचा आंबिया बहर घ्यायचा तर आधी झाडाला ताण द्यावा लागतो, म्हणजे पाणी तोडायचं. पानं मलूल होतात, थोडी पिवळी पडून गळतात, झाड मरणार की काय असं वाटतं. मग जानेवारीत पाणी सोडलं की त्या भीतीतून झाड फुलतं. इकडे हे पोरासोरांनाही ठाऊक आहे. अश्विननं डिसेंबरात प्रोग्रॅम थांबवून व्हॉल्व हातानं बंद केला. त्याच फेरीत पेटीची बॅटरी बदलली. जानेवारीच्या मध्यावर अकोल्यात बसून त्यानं यंत्र पुन्हा आपोआपवर टाकलं.

त्याच सुमारास डोमाजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. महिनाभर ते खाटेवर. सून रश्मी आणि नात जुईली शुश्रूषेला अकोल्याहून आलेल्या. मी समाचाराला गेले की मोबाइल माझ्या नाकासमोर धरत. "पाहा मॅडम, शंभर! रोज शंभर. तुमी कधी दिले का कोणाले शंभरपैकी शंभर?"

"बागेला दिले नाहीत," मी म्हटलं. "इतकी ओल चांगली असते का हो?"

"पोराची मशीन हाय. त्याले नाही समजत तर कोणाले समजते?"

शेजारच्या बागेचा मालक प्रीतम एकदा फोनवर म्हणाला होता, की तुमच्या झाडांची पानं फारच गळून राहिली. पण लगेच त्यानंच पुरवणी जोडली, "काळ्या जमिनीले ताण लांबवा लागते म्हणा. तुमी तेच करून राहिले असान." डोमाजींना वाटलं, पाणी चालू आहे आणि जुनी पानं गळताहेत. प्रीतमला वाटलं, ताण चालू आहे. दोघंही समाधानानं फोन ठेवून मोकळे झाले.

फेब्रुवारीच्या मध्याला डोमाजी काठीनं चालू लागले आणि त्यांनी मला निरोप धाडला. "रविवारी फुलाचा वास घ्यायले चला. पहिला बहर हाय. तुमच्याबिगर नाही." अश्विननं गाडी आणली. पुढे डोमाजी, मागे मी, रश्मी आणि जुईली. डोमाजी नवं धोतर नेसले होते. ते एरवी पॅन्ट घालतात.

बागेच्या वळणावर काच खाली केली आणि वास आला. संत्र्याच्या फुलांचा वास एकदा नाकात गेला की दुसरं काही सुचत नाही. डोमाजींनी डोळे मिटले. "आला," एवढंच म्हणाले. जुईलीनं टाळ्या वाजवल्या.

वास प्रीतमच्या बागेचा होता.

कुंपणाच्या तारेच्या अलीकडे डोमाजींची झाडं उभी होती. फांद्या दिसत होत्या, पानं फारशी दिसत नव्हती. जी होती ती कागदासारखी वळलेली. एकाही झाडावर फूल नव्हतं. तारेच्या पलीकडे पांढरं शुभ्र आणि मधमाश्यांची गुणगुण.

रश्मी म्हणाली, "अहो, पाणी चालू आहे ना?"

अश्विननं मोबाइल काढला. "शंभर दाखवतंय."

"मोबाइल ठेव," मी म्हटलं. "कुदळ आण."

दीड फूट खणलं. माती ढेकळासारखी फुटली, तिला ओल म्हणून नव्हती. अश्विन खड्ड्यापाशी बसला, गाडीतून लॅपटॉप आणून तिथेच उघडला. मी शेजारी उभी राहिले. उन्हात पडद्यावर नीट दिसेना, म्हणून माझा पदर धरला.

पेटी पाठवते ते आकडे नसतात, अक्षरं असतात. प्रोग्रॅम त्या अक्षरांचा आकडा करतो. अश्विननं पेटीचा कच्चा मजकूर काढला. डिसेंबरापर्यंत तिथे 26.4, 24.9 असं होतं. बॅटरी बदलल्यावर, जानेवारीत, 14,2 आणि पुढे 13,8. टिंबाच्या जागी स्वल्पविराम.

"हे काय?" मी विचारलं.

"पेटी रीसेट झाली, बाई. बॅटरी काढली न, ते आपल्या घरच्या सेटिंगवर गेली. इटलीत दशांशाले स्वल्पविराम लावतात. ते चौदा पॉइंट दोन म्हणून राहिली होती."

"आणि तुझा प्रोग्रॅम काय म्हणाला?"

त्यानं प्रोग्रॅम उघडून एका ओळीवर बोट ठेवलं. "मी आधी सगळे स्वल्पविराम पुसतो. आपल्याकडे लाख-हजार तोडायलेच असतात न ते. पहिल्या नोकरीत राजापेठेतल्या दुकानाईचं बिलिंग केलं होतं, त्यातलीच ओळ उचलली. एक लाख पंचवीस हजार कोणी दोन स्वल्पविराम देऊन लिहिते, कोणी देतच नाही. मी म्हटलं, पुसून टाका, भानगडच नको."

"म्हणजे चौदा पॉइंट दोनचे एकशे बेचाळीस."

"हो."

"शंभराच्या वर ओल असते का रे गाढवा? तुझ्या यंत्राला बोंब मारता आली नाही?"

"पावसाळ्यात एखादवेळी एकशे एक, एकशे दोन दाखवायची. बाबा घाबरायचे. म्हणून मीच लिहिलं, शंभराच्या वर गेलं तर शंभर धर."

मी पदर सोडला. पायऱ्या तपासायचं सांगून झालं होतं, तेही वीस वर्षांपूर्वी.

डोमाजी मागे काठीवर उभे होते. सगळं ऐकलं असावं. म्हणाले, "म्हणजे झाडं तहानली होती आन मी गल्लीत पेढे वाटायचा बाकी होतो."

"बाबा, मी आत्ता पाणी सोडतो."

"सोड न."

व्हॉल्व उघडला. ठिबकच्या नळ्या फुरफुरल्या, झाडांच्या बुडाशी थेंब पडू लागले. आवाज ऐकून प्रीतम तारेपाशी आला, झाडं पाहिली, एका फांदीची साल नखानं खरवडली. आतून तपकिरी. दुसरी खरवडली, ती जराशी हिरवी निघाली. "काही वाचतीन काका," तो म्हणाला. "पण बहर गेला. आता फूल नाही येत." मग ओशाळून म्हणाला, "मले वाटलं तुमी ताण देऊन राहिले."

"तुले काय बोल लावू बाबा," डोमाजी म्हणाले. "मी त मोबाइल पाहून राहिलो होतो."

परतीच्या वाटेवर काच कोणीच खाली केली नाही.

अश्विननं प्रोग्रॅम दुरुस्त केला. आता तो आधी पेटीचं सेटिंग कोणत्या देशाचं आहे ते विचारतो, मगच स्वल्पविराम पुसायचा की टिंब समजायचं हे ठरवतो. उत्तर मिळालं नाही तर अंदाज न करता फोन वाजवतो. शंभराच्या वरचं काही आलं तरी वाजवतो. मला लॅपटॉप दाखवून त्यानं पायरी पायरीनं तपासून घेतलं. बरोबर आहे. मी स्वतः वेगवेगळे आकडे घालून पाहिले, एकातही चूक निघाली नाही.

त्याचा उपयोग एवढाच, की यंत्र आता खरं बोलतं. डोमाजी ऐकत नाहीत. अजून जखम ओली आहे, डॉक्टरांनी जिने चढू नका सांगितलंय, आणि हे गृहस्थ एक दिवसाआड मोर्शीची एसटी पकडतात. एसटीच्या पायऱ्या केवढ्या उंच, जो चढलाय त्यालाच ठाऊक. बागेत जातात, प्रत्येक झाडाच्या बुडात बोट खुपसतात, संध्याकाळी नखात काळी माती घेऊन परत येतात. निम्मी झाडं वाळली, ती त्यांनी अजून काढू दिलेली नाहीत. त्यांच्याही बुडात बोट घालतात.

काल अश्विनचा अकोल्याहून फोन. "बाई, तुमी सांगा न त्याईले. रीडिंग एकदम बरोबर हाय. आज एकतीस पॉइंट सहा. मी दर तासाले पाहतो. त्याईचं ऑपरेशन वाया जाईन."

मी समोर गेले. डोमाजी पायात चपला सरकवत होते. मी त्यांना तो आकडा सांगितला.

"एकतीस?" ते म्हणाले. "चांगला हाय." आणि काठी घेऊन स्टँडकडे निघाले.

मी अश्विनला फोन केला, की गेले. तो म्हणाला, "बरं." पुढे कितीतरी वेळ फोन चालू होता. त्यानंही ठेवला नाही, मीही नाही.