इंद्रभानची जपानी पेटी

कारंजाच्या बाजारात रऊफचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, एक माणूस बसेल आणि एक उभा राहील एवढंच. शाळा त्यानं सातवीत सोडली होती. रेडिओचं काम तो अकोल्याच्या एका उस्तादाकडे शिकला. तारा, सेल, स्पीकर हे सगळं तो हातांनी ओळखायचा. पुस्तकातली चित्रं मात्र त्याला कळत नसत.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात भागिरथाबाई त्याच्या दुकानी आल्या. त्यांचा एकुलता मुलगा इंद्रभान मालवाहू बोटीवर वेल्डर होता. जपानहून परतताना तो तापानं गेला आणि बोटीवरच्यांनी त्याला समुद्रातच निरोप दिला. घरी पुण्यानुमोदनाचा विधी झाला तेव्हा समोर फक्त त्याचा फोटो होता. त्याची ट्रंक त्यानंतर दोन महिन्यांनी रेल्वेनं आली. तिच्यात कपडे होते, दाढीचं सामान होतं, आणि एका नव्या लुगड्यात गुंडाळलेली नारिंगी रंगाची पेटी होती. पेटीला दोन गोल बटनं होती आणि मागून एक लांब वायर निघालेली होती. पेटीवर लिहिलेलं कोणालाच वाचता येत नव्हतं.

"रेडिओच असंल," भागिरथाबाई म्हणाल्या. "पोरानं मायीसाठी घेतला. तेवढा बोलता करून दे, बाबू."

शेजारचे कापडवाले माणिकराव डोकावले. "रऊफ, जपानी बाजा हाय. त्याले वऱ्हाडी येते का पाह्य आधी!"

"तुमाले तरी कुठं नीट येते, माणिकराव?" रऊफ म्हणाला. भागिरथाबाईही हसल्या. मुलगा गेल्यापासून त्या हसल्या नव्हत्या.

पेटीबरोबर भिंतीच्या प्लगात लावायचा एक डबा होता. त्याच्यावरचा शंभरचा आकडा पाहून रऊफनं तो बाजूला ठेवला. आपल्याकडची वीज दोनशे तीसची. हा लावला असता तर धूरच निघाला असता. मग त्यानं सेलचं झाकण काढलं. खाऱ्या हवेनं आतल्या पत्र्या हिरव्या पडल्या होत्या. त्या पॉलिश पेपरनं घासून त्यानं सहा नवे सेल घातले आणि खटका दाबला. लाल दिवा लागला. त्यानं एक बटन फिरवलं आणि पेटीतून आवाज आला, 'टुक'. थोड्या वेळानं पुन्हा, 'टुक'.

भागिरथाबाईंनी पदर तोंडाशी धरला. "बोलला," त्या म्हणाल्या. "अजून बोलंल ना रे?"

"बोलंल ना, मावशी. आठ दिवस द्या."

आठ दिवस रऊफ दुसऱ्या कोणाच्या रेडिओला शिवला नाही. मागची वायर एरियलची असणार असं समजून त्यानं ती छतावरच्या तारेला जोडली. पेटी 'टुक'च्या पुढे जाईना. स्पीकर बदलला, तरी तेच. शेवटी त्यानं पूर्ण पेटी खोलली. आत स्टेशन लावायची चकती नव्हती, ओळखीचं काहीच नव्हतं. पुष्कळ पायांचा एक काळा चौकोनी तुकडा तेवढा गोमेसारखा पसरलेला होता. एका पायाशी डाखाचा जोड सुटलाय असं त्याला वाटलं आणि त्यानं डाख लावायच्या सळईचं तापलेलं टोक तिथं टेकवलं. जरा जास्तच वेळ टेकवलं.

त्यानंतर लाल दिवा लागायचा, पण 'टुक' बंद झालं.

भागिरथाबाई दोनदा येऊन गेल्या. रऊफनं दोन्ही वेळा सामान अकोल्याहून यायचंय असं सांगितलं.

पावसाळ्याच्या तोंडाशी इंद्रभानचा बोटीवरचा सोबती दौलतसिंग सुट्टीवर आला. तो मानोऱ्याजवळच्या तांड्यावरचा. भागिरथाबाईंना भेटून तो त्यांच्या सांगण्यावरून दुकानी आला आणि उघडी पेटी पाहून थबकला.

"अरे, हे काय करून राह्यला तू? हा काय रेडिओ हाय? खेळ हाय तो! ते वायर टीव्हीले लावा लागते. मंग काचेवर चेंडू दिसते. दोन्हीकून दोन काठ्या, बटन फिरवलं का वरखाली होतेत. चेंडू काठीले लागला का टुक वाजते."

"फक्त टुक?"

"फक्त टुक. आनखी काय वाजंल?"

टीव्ही तेव्हा मुंबई-पुण्याकडे होता. कारंजात कोणाकडे नव्हता. पेटीत पत्र्यांखेरीज बिघाड असा नव्हताच. ती पहिल्या दिवशीच पुरती नीट झाली होती.

रऊफनं दुकान बंद केलं आणि पेटी घेऊन तो भागिरथाबाईंच्या घरी गेला. त्या दारात तूर निवडत होत्या.

"मावशी, पेटी चांगली होती. मीच मारली तिले."

त्यांनी सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "तुले कोन सांगतलं होतं आत हात घालाले?" आणि लगेच खाली पाहत, "मीच सांगतलं होतं."

रऊफनं दौलतसिंगचं बोलणं त्यांना समजावून सांगितलं. टीव्ही त्यानं स्वतःही कधी पाहिला नव्हता. म्हणून त्यानं सुपातले तुरीचे दाणे सरकवून दोन काठ्या केल्या आणि मधे एक दाणा ठेवला.

"दोघं लागतेत का याले?"

"हो, दोघं."

"त्याची बायको नाई, पोरगं नाई. बाप त कवाच गेला," भागिरथाबाई म्हणाल्या. "मंग कोनासंग खेळनार होता तो?"

रऊफनं पेटी त्यांच्यापुढे सरकवली.

त्यांनी पेटी मांडीवर घेतली. "माह्यं बटन कोन्तं?"

त्यानं डावीकडचं दाखवलं. त्यांनी ते हळूच फिरवलं, थांबल्या, आणि उजवीकडच्या बटनाकडे पाहत राहिल्या.