त्या रविवारची तालीम

आमची हौशी नाट्यसंस्था बंद करायची, असं ठरवून त्या रविवारी आम्ही चौघे शाळेच्या हॉलमध्ये जमलो होतो. गावात ज्याला रंगमंचावर यावंसं वाटेल त्याला संधी द्यायची, म्हणून नानांनी ती काढली होती. आता नवं कुणी येतच नव्हतं.

तेवढ्यात मंडईत भाजी विकणाऱ्या एक बाई दाराशी चपला काढताना दिसल्या.

"हितं नाटकात कुणालाबी घेतात म्हणं. मला घ्याल?"

"पाठांतर जमेल?" नानांनी विचारलं.

"गेल्या साली तुमचं नाटक बघितलं. निम्मं अजून तोंडपाठ हाय."

संस्था जगायला किती माणसं लागतात, मला ठाऊक नाही. त्या दिवशी एक पुरलं.

"फार वाट पाहायला लावलीत, बाई," नाना म्हणाले. "या, तालीम सुरू करू."