माजघराची भिंत

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही — यजमानांपाशी नाही, माहेरी तर नाहीच. तुम्हांला सांगते आहे, कारण तुम्ही निदान मधेच उठून चुलीकडे जाणार नाही.

तसं घरात आता सगळं छान आहे. सुना गुणी आहेत. खाडी फुगून पाणी आळीत शिरलं तरी आमची घाबरगुंडी उडत नाही. पूर ओसरला की आमच्या कल्याणातल्या बायका मला बोलावतात. मातीची भिंत आतून वाळली की नाही, ते मी काठीनं ठोकून सांगते. खणखणीत वाजली तर खुशाल राहा, बद्द वाजली तर लांब व्हा. माझ्या शब्दावर लोक भिंतीकडेला पोरं निजवतात — सुख वाटतं, खोटं कशाला बोलू?

ही विद्या माझ्या थोरल्या जाऊबाईंची. त्या वर्षी श्रावणात माजघरात कमरेएवढं पाणी चढलं. ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "धाकटे, आधी भिंत ठोकून बघ. वाळल्याशिवाय शेणाचा हात फिरवू नकोस."

पण गौरी चार दिवसांवर आलेल्या. माझी भावजय ठाण्याहून आगगाडीनं पहिल्यांदाच येणार होती. तिच्यापुढे ती पोपडे सुटलेली भिंत? मला लाज वाटली — एवढंच, दुसरं काही नाही. मी भिंत सारवली, वर तांदळाच्या पिठाची वेल काढली.

"ठोकलीस ना गं?" जाऊबाईंनी विचारलं.

"हो. खणखणीत आहे."

त्या निर्धास्तपणे भिंतीशी जातं मांडून बसल्या. भर दुपारी भिंत त्यांच्या उजव्या पायावर आली.

गुडघा कायमचा गेला. वर माझीच समजूत घालत होत्या — पाण्यानं खालून माती पोखरली असेल, तू काय करणार? पुढं वीस वर्षं मी त्यांना हाताला धरून परसात नेलं, आणि आळीनं मला त्यांची सख्खी बहीण म्हटलं. मी ऐकून घेतलं. आवडलंही.

दर पुरानंतर त्या स्वतः माझ्या हातात काठी देत. शेजारणींना सांगत, "आमच्या धाकटीला न्या. एकदा पाण्यानं फसवलं तिला, नाहीतर तिचा कान चुकायचा नाही." गेल्या माघात त्या गेल्या, माझा हात धरून, अगदी शांतपणे.

कान चुकत नाही, हे खरंच आहे. त्या दिवशीही मी भिंत ठोकली होती. बद्द वाजली होती.